अपलोड सुरू झालं की कॉल का अडखळतो? राउटरचा ट्रान्समिट बफर आणि चवथीची आरती

कुळागर (सावईवेरे)

नमस्कार मंडळी,

चवथीला घरी जे झालं ते आधी सांगतो, म्हणजे प्रश्न नीट कळेल. मोठा भाऊ दुबईला असतो. संध्याकाळच्या आरतीला तो दरवर्षी व्हिडिओ कॉलवर असतो, आई फोन देवासमोर माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीच्या) खाली उभा करून ठेवते. यंदा घुमट-शामेळ ही वाद्यं सुरू झाली आणि दोनेक मिनिटांत भावाचा चेहरा गोठला, आवाजाचे तुकडे पडायला लागले. आमचं त्याला इतकं मागून ऐकू येत होतं की इथे कडवं संपायचं आणि तो तिथे अजून टाळ्या वाजवत असायचा. आईला फार वाईट वाटलं. मलाही. वर्षातून एकदाच तर ही वेळ येते.

नंतर कळलं की पुतणीने त्याच वेळी माटोळीचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावले होते. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तेच करून पाहिलं. लॅपटॉप केबलने राउटरला जोडला. लाइन रिकामी असताना मुंबईच्या सर्व्हरचा पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ) १८ मिलिसेकंद. अपलोड सुरू केलं की चार-पाच सेकंदांत ९००. एकही पॅकेट गळत नाही, फक्त उशिरा पोचतं. अपलोड थांबवलं की क्षणात परत १८.

जोडणी स्थानिक केबलवाल्याची फायबर, कागदावर ५० एमबीपीएस, अपलोड प्रत्यक्षात १०. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवरची मोफत प्रणाली घातलीय. ट्रान्समिट बफर, म्हणजे बाहेर जाणारी पॅकेटं थांबतात ती जागा, मोठा असला की असं होतं एवढं वाचून समजलं, म्हणून बाहेरच्या पोर्टची ट्रान्समिट क्यू (रांग) १००० पॅकेटांवरून ५० वर आणली. फरक शून्य. ड्रायव्हरची ट्रान्समिट रिंग जितकी लहान करू दिली तितकी केली. तरी शून्य. माझं चुकतंय कुठे?

म्हापशेकर

प्लॅन वाढवून घ्या. मी ५० चा १०० केला, तेव्हापासून घरात कोणाची तक्रार नाही.

कुळागर

आमच्या वाड्यावर अपलोड एवढंच मिळतं, विचारून झालं. आणि १० एमबीपीएस एका व्हिडिओ कॉलला खरं तर भरपूर व्हायला हवं ना?

मिरामार (वेर्णा)

व्हायलाच हवं. कुळागर, तुमचेच आकडे जरा मांडून बघा. ९०० मिलिसेकंद गुणिले १० एमबीपीएस म्हणजे ९० लाख बिट, म्हणजे साधारण १.१ मेगाबाइट. १५०० बाइटची साडेसातशे पॅकेटं. तुमच्या कॉलचं पॅकेट निघालं की त्याच्यापुढे ही साडेसातशे पॅकेटं उभी असतात. तुमची क्यू ५० ची असूनही! म्हणजे ती तुमच्या राउटरमध्ये उभी नाहीत. ती कुठे आहेत ते शोधा.

म्हापशेकरांचंही का सुधारलं ते यातच आहे. तोच १.१ मेगाबाइटचा बफर १०० एमबीपीएसच्या लाइनवर ९० मिलिसेकंदांत रिकामा होतो. दुखणं तेच, फक्त जाणवेनासं झालं. मोठी फाइल चढवताना पिंग लावून बघा, दिसेल.

म्हापशेकर

लावून बघितलं. १२ चा १०५ झाला. मला वाटायचं तेवढं चालायचंच. वाचतोय.

तारायंत्र (मडगाव)

जरा लांबण लावतो, कारण या विषयात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत.

कुळागर यांनी जे केलं ते चुकीचं नाही, चुकीच्या ठिकाणी केलं. पॅकेट राउटरमधून बाहेर पडताना दोन थांबे घेतं. पहिला सॉफ्टवेअर क्यू: तिथे कोणाला पुढे घ्यायचं, कोणाला मागे ठेवायचं, कोणाला टाकून द्यायचं हे ठरवता येतं. दुसरा ट्रान्समिट रिंग: ही नेटवर्क कार्डाची ओंजळ. एकदा पॅकेट तिच्यात पडलं की तिथे पहिला आला तो पहिला गेला, बाकी काही चालत नाही. आणि सॉफ्टवेअर क्यू कामाला लागते ती रिंग भरल्यावरच. रिंगमध्ये जागा आहे तोवर पॅकेट सरळ तिकडे जातं.

रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीसाठी गाड्या लागतात ना, ते डोळ्यांपुढे आणा. रस्त्यावरच्या रांगेत रुग्णवाहिका आली तर लोक गाड्या बाजूला घेऊन तिला वाट देतात. पण उतारावर, धक्क्याच्या तोंडाशी ज्या गाड्या गेल्या त्यांना मागे घेता येत नाही. उतारावर तीन गाड्या मावत असतील तर रुग्णवाहिकेचा खोळंबा तीन गाड्यांचा. पन्नास मावत असतील तर पन्नासांचा, मग रस्त्यावर तुम्ही तिला कितीही मान द्या.

हे आम्ही शाखा कार्यालयांच्या ५१२ केबीपीएसच्या लीज्ड (भाड्याच्या स्वतंत्र) लाइनवर अनुभवलंय. त्या लाइनवर १५०० बाइटचं एक पॅकेट तारेवर घालायला २३ मिलिसेकंद लागतात. रिंग १६ पॅकेटांची होती, म्हणजे भरली की ३७५ मिलिसेकंद. आवाजासाठी एका दिशेचा विलंब १५० च्या आत असावा असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस सांगते. आम्ही व्हॉइसला सर्वोच्च प्राधान्य देऊन बसलो होतो आणि फोनवर माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होती. दोन आठवडे कॉन्फिगरेशन उलटंपालटं केलं. शेवटी रिंगची मर्यादा ३ वर आणली आणि त्याच दिवशी फरक पडला, कारण पॅकेटं सॉफ्टवेअर क्यूमध्ये थांबायला लागली आणि तिथला प्राधान्याचा नियम लागू झाला. तेवढ्या संथ लाइनवर मोठ्या पॅकेटाचे तुकडेही करावे लागतात, पण तो आज कोणाचा प्रश्न नाही.

आता तुमचं घर. माझा राउटर थेट संथ तारेला जोडलेला होता, तुमचा तसा नाही. तुमच्या राउटरच्या बाहेरच्या पोर्टला एक छोटी केबल आहे आणि ती फायबरच्या डब्यात जाते. ती केबल १ जीबीपीएसची. राउटरच्या दृष्टीने रस्ता सताड मोकळा आहे, त्याची रिंग कधी भरतच नाही, क्यू कधी लागतच नाही. १० एमबीपीएसची अडचण पुढे, फायबरच्या डब्यात आणि त्याच्या पलीकडे आहे. रांग तिथे लागते आणि तिथे तुमचा हात पोचत नाही.

म्हणून रांग स्वतःच्या घरात ओढून आणायची. राउटरवर शेपर लावा आणि त्याला सांगा की ९ एमबीपीएसच्या वर एक बिट सोडू नकोस. अडचण आता तुमच्या राउटरमध्ये आली. फायबरचा डबा रिकामा राहील आणि रांगेत कोण कुठे उभं राहील हे तुम्ही ठरवाल.

मिरामार

काकांनी मर्म सांगितलं. पुरवणी जोडते. कुळागर, तुमच्या पोर्टवर मुळात एफक्यू-कोडेल (रांग सांभाळणारी पद्धत) असणार, ओपनडब्ल्यूआरटीत तेच असतं. त्याची स्वतःची वेगळी मर्यादा असते, तुम्ही बदललेल्या ट्रान्समिट क्यूच्या आकड्याकडे ते बघतही नाही. तो आकडा जुन्या साध्या क्यूंसाठी.

रिंगचंही तसंच. लिनक्समध्ये २०१२ साली ३.३ आवृत्तीत बाइट क्यू लिमिट्स आलं. ते रिंगमध्ये पॅकेटं मोजत नाही, बाइट मोजतं, आणि कार्ड उपाशी राहणार नाही इतकेच आत सोडतं. ड्रायव्हर ते पाळत असेल तर रिंगला हातानं छाटायची गरज उरत नाही. पॅकेटांचा आकडा फसवाच असतो: २५६ जागांत ६४ बाइटची २५६ पॅकेटं असतील तर काहीच नाही, १५०० ची असतील तर जवळजवळ ३८४ किलोबाइट.

घुमटवादक (साखळी)

अज्ञानातून विचारतो. बफर इतका वाईट असेल तर बनवणारे इतका मोठा ठेवतात कशाला? शून्यच का करत नाहीत?

तारायंत्र

हा प्रश्न अज्ञानाचा नव्हे, यावर माणसांनी तीस वर्षं घालवली आहेत.

बफर हवाच. पॅकेटं शिस्तीत एकेक येत नाहीत, थव्याने येतात. थवा आला, फेरी एका खेपेत घेऊन गेली, रांग मिटली. ही चांगली रांग. पण सकाळी लागलेली रांग संध्याकाळपर्यंत मिटतच नाही, प्रत्येक गाडी तासभर थांबते आणि फेरी मात्र दिवसभरात तेवढ्याच गाड्या नेते, ही वाईट रांग. तिने एकही गाडी जास्त पोचत नाही, सगळ्या फक्त उशिरा पोचतात.

ती का मिटत नाही? १९८६ मध्ये बर्कलीतल्या दोन संस्थांमधला, चारशे यार्डांचा दुवा ३२ केबीपीएसवरून ४० बिट प्रतिसेकंदावर कोसळला होता. त्यातून व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला (इंटरनेटवर माहिती पोचती करणाऱ्या नियमावलीला) वेग आवरायला शिकवलं, १९८८ चा त्यांचा शोधनिबंध त्यावरच आहे. टीसीपी वेग वाढवत जातो आणि पॅकेट हरवलं की समजतो, आता पुरे. म्हणजे पॅकेट हरवणं हाच त्याचा इशारा. बफर अवाढव्य असला की पॅकेट हरवतच नाही, इशारा मिळत नाही, आणि टीसीपी बफर काठोकाठ भरेपर्यंत ओततच राहतो. पॅकेट गळू नये या सद्हेतूने ठेवलेली जागाच विलंबाचं कारण होते. कुळागर यांचं 'एकही पॅकेट गळत नाही' हे वाक्य वाचलं तेव्हाच मला रोग कळला होता.

मोठ्या बफरचा जुना हिशेब असा: वेग गुणिले येण्याजाण्याचा वेळ. १०० एमबीपीएस आणि १०० मिलिसेकंदांना सव्वा मेगाबाइट. एकाच प्रवाहाला तो ठीक. २००४ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी दाखवलं की हजारो प्रवाह एकत्र वाहतात त्या मुख्य वाहिन्यांवर तो प्रवाहांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागता येतो. दहा हजार प्रवाह असतील तर शंभरावा भाग पुरतो. घरी मात्र उलटं झालं. मेमरी स्वस्त झाली, १०० एमबीपीएसच्या हिशेबाचा बफर १० च्या लाइनवर येऊन बसला. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांना स्वतःच्या घरी फाइल पाठवताना सेकंदाहून जास्त विलंब दिसला, त्यांनी मुळाशी जाऊन शोध घेतला आणि या रोगाला बफरब्लोट हे नाव दिलं.

मिरामार

आणि उताराही जेकबसन यांच्याच हातून आला! २०१२ मध्ये कॅथलीन निकल्स आणि त्यांनी कोडेल मांडलं. मला त्यातली ही गोष्ट फार आवडते की ते रांगेची लांबी मोजत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजतं. १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत सगळ्यात कमी थांबलेलं पॅकेटसुद्धा ५ मिलिसेकंदांहून जास्त थांबलं असेल, तर ही काकांची वाईट रांग. मग ते एक पॅकेट टाकतं. टीसीपीला इशारा मिळतो. तरी ऐकलं नाही तर पुढचं पॅकेट जरा लवकर टाकतं, त्याच्या पुढचं आणखी लवकर. थवा येऊन लगेच मिटला तर हात लावत नाही.

एफक्यू-कोडेल त्यावर आणखी एक करतं: प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग. पुतणीचा व्हिडिओ तिच्या रांगेत, आरतीचा आवाज आपल्या रांगेत. आवाजाच्या कॉलची सेकंदाला ५० छोटी पॅकेटं असतात, जुन्या जी.७११ पद्धतीत एकेक २०० बाइटचं, म्हणजे ८० केबीपीएस. इतक्या विरळ प्रवाहाची रांग जवळपास नेहमी रिकामी असते, म्हणून त्याचं पॅकेट आलं की लगेच पुढे जातं. 'हा व्हॉइस आहे' असं कुणी सांगावं लागत नाही.

चिरेबंदी (डिचोली)

मग व्हॉइसच्या पॅकेटांवर डीएससीपीची, म्हणजे प्राधान्य सांगणारी, ४६ नंबरची खूण मारून प्राधान्य दिलं तर आणखी बरं नाही का?

तारायंत्र

खूण वाचणारा कोणीतरी हवा. रांग तुमच्या ताब्यात असेल तर खूण उपयोगाची, केक (शेपरसह येणारा एफक्यू-कोडेलचा पुढचा भाऊ) ती वाचतो. फायबरच्या डब्यातली रांग ती वाचेल याचा भरवसा धरू नका. आधी शेपर, मग एफक्यू-कोडेल किंवा केक, आणि तरी कमी वाटलं तर खुणा. घरात बहुधा तिथवर जावंच लागत नाही.

कुळागर

लावलं!! आकडे देतो.

केक निवडला. अपलोड ९, डाउनलोड ४५. जोडणी पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी) असल्यामुळे प्रत्येक पॅकेटमागे ४४ बाइटचा अधिभार सांगितला. तो का सांगायचा हे आधी कळलं नव्हतं: आवाजाच्या २०० बाइटच्या पॅकेटाला ४४ म्हणजे पाचवा हिस्सा. तो धरला नाही तर छोटी पॅकेटं खूप झाल्यावर शेपरचा हिशेब चुकतो आणि रांग परत डब्यात जाते.

तरी पहिल्यांदा फरक पडला नाही! अर्धा तास डोकं धरून बसलो. राउटरमध्ये हार्डवेअर ऑफलोड चालू होतं, पॅकेटं शेपरला वळसा घालून सरळ चिपमधून जात होती. ते बंद केलं.

रिकाम्या लाइनवर १८. पूर्ण अपलोड चालू असताना २३ ते २७. तासभर अपलोड चालू ठेवून बायकोने तिच्या बहिणीशी व्हिडिओवर गप्पा मारल्या, एकदाही 'ऐकू येतंय का' म्हणावं लागलं नाही. आणि एक अनपेक्षित गोष्ट: अपलोड चालू असतानाचं डाउनलोड १२-१५ वर यायचं, ते आता ४० च्या खाली जात नाही.

तारायंत्र

त्याचं कारण पोचपावत्या. उतरणाऱ्या प्रत्येक दोनेक पॅकेटांमागे एक पावती परत वर जाते. ती पावती त्या साडेसातशेंच्या मागे अडकली की समोरचा हात आखडता घेतो. तुमची वरची रांग खालच्या वेगाला धरून ठेवत होती.

सत्तरीची_मैना (वाळपई)

आमच्या गावात फायबर नाही, ४जी राउटरवर सगळं. मी मुलांच्या गायनाच्या शिकवण्या घेते आणि पावसात तर फार हाल होतात. ९ एमबीपीएस असा आकडा मी कुठून आणू? सकाळी अपलोड १२ असतं, संध्याकाळी ३.

मिरामार

मैनाताई, तुमचं खरंच कठीण आहे. मोठी रांग तुमच्या मोडेममध्ये लागते आणि वेग तासातासाला बदलतो. दोन वाटा आहेत. शिकवणीच्या वेळेपुरता आकडा सगळ्यात वाईट वेळेचा धरा, म्हणजे अडीच. गायनाच्या आवाजाला तो पुरतो, मोठ्या चित्राचा मोह सोडावा लागेल. आणि अडीचवर एक १५०० बाइटचं पॅकेटच जवळपास ५ मिलिसेकंद घेतं, तेव्हा कोडेलचं ५ चं लक्ष्य थोडं वाढवायला हवं. ओपनडब्ल्यूआरटीचं एसक्यूएम (शेपर लावायचं पॅकेज) आणि केक दोन्ही ते आपणहून सांभाळतात.

दुसरी वाट केक-ऑटोरेट. ती स्क्रिप्ट सतत पिंग घेते, विलंब चढला की शेपरचा वेग खाली आणते, उतरला की सावकाश वर नेते. बदलत्या वेगाच्या जोडण्यांसाठीच ती लिहिली आहे. मांडायला मदत लागली तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा, मी रात्री नऊनंतर मोकळी असते.

सत्तरीची_मैना

नक्की करते. मनापासून आभार.

चिरेबंदी

मीही केक लावला. केबलने जोडल्यावर २० चा २६, सुंदर. पण मागच्या खोलीत वाय-फायवर अजून ३०० जातोच. हे काय?

कुळागर

तुमचं नाव खरंच घरावरून आहे का? चिऱ्यांच्या जाड भिंती?

चिरेबंदी

हो, आजोबांच्या वेळचं घर. मध्ये दोन भिंती.

तारायंत्र

मग तुमची अडचण परत सरकली. दोन चिऱ्यांच्या भिंतींपलीकडे वाय-फाय ५-६ एमबीपीएसवर येत असेल. ते ९ पेक्षा कमी, म्हणजे रांग आता फोनच्या आणि राउटरच्या वाय-फायमध्ये लागते. केक बाहेरच्या पोर्टवर बसलाय, त्याला ती दिसतही नाही. शिवाय दूरचा संथ फोन हवेतला वेळ खातो, त्यामुळे जवळच्यांनाही थांबावं लागतं. लिनक्सच्या वाय-फायमध्ये काही चिप-घराण्यांसाठी हवेतल्या वेळेची वाटणी आणि एफक्यू-कोडेल दोन्ही आले आहेत, पण भिंतीला औषध केबलच. मागच्या खोलीत एक केबल ओढा आणि तिथे दुसरा छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट ठेवा.

म्हापशेकर

मायक्रोटिकचे राउटर वापरणाऱ्यांनी काय करायचं?

मिरामार

मायक्रोटिकच्या राउटरओएस ७ मध्ये क्यू टाइपमध्ये एफक्यू-कोडेल आणि केक दोन्ही आहेत. बाहेरच्या इंटरफेसवर सिंपल क्यू करा, दोन्ही दिशांची मर्यादा घाला. फायरवॉलमधला फास्टट्रॅकचा नियम मात्र बंद करा, नाहीतर कुळागरांच्या ऑफलोडसारखंच, पॅकेटं क्यूला न भेटता जातील. आणि १०० ला शेपर लावायला प्रोसेसर पुरतो का ते चालू असताना बघा. अगदी लहान राउटर तिथे धापा टाकतात.

घुमटवादक

मंडळी, सगळं वाचलं, आता माझा स्वार्थ. आमचं आरती मंडळ विखुरलंय. मी साखळीला, शामेळवाला फोंड्याला. विलंब इतका कमी होत असेल तर घरी बसून एकत्र तालीम करता येईल का? करोनात प्रयत्न केला होता, प्रत्येक आवर्तनाला लय उतरत जायची आणि शेवटी सगळेच थांबायचो.

तारायंत्र

लय उतरते ती एकमेकांची वाट पाहण्याने. वादकांना साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपर्यंतचा एकतर्फी विलंब सोसतो. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे सभामंडपात दहा मीटर अंतरावर बसून वाजवण्याइतका. दुबईला तो जमणार नाही, तिथे फक्त ऐकणं आणि ऐकवणं. साखळी-फोंडा मात्र करून बघण्यासारखं आहे. नेहमीचं कॉलचं अ‍ॅप नको, ते स्वतःच आवाज साठवून ठेवतं. जमुलस किंवा जॅकट्रिप घ्या, दोन्ही खास वादकांसाठी केलेली आणि मोफत. दोन्हीकडे केबल, दोन्हीकडे शेपर, कानात तारेचे हेडफोन. ब्लूटूथ अजिबात नको, त्याचाच विलंब शंभराच्या वर जातो.

कुळागर

घुमटवादक, मी फोंडा तालुक्यातच आहे, माझ्याकडून मोजून बघूया का? तुमचा पत्ता व्यनित पाठवा.

घुमटवादक

पाठवला.

कुळागर

मोजलं. येऊन-जाऊन ३४ मिलिसेकंद. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं, पण आपल्या दोघांचे पुरवठादार वेगळे, आणि मार्ग बघितला तर पॅकेट मुंबईला जाऊन परत येतंय. एका दिशेला १७. त्यात दोन्हीकडच्या साउंड कार्डांचे १२८ नमुन्यांचे बफर, ४८ किलोहर्ट्झला एकेक २.७, आणि चढउतार झेलायला आठेक मिलिसेकंद. बेरीज तीसच्या आसपास.

तारायंत्र

काठावर आहे, पण काठाच्या अलीकडे. संथ ठेक्याने सुरू करा, घुमटवाल्याने लय धरावी आणि दुसऱ्याने त्याच्यावर यावं.

घुमटवादक

शामेळवाल्याशी बोललो. तो रविवारी सकाळी त्याचं शामेळ घेऊन कुळागरांच्या घरी येईल, मी इथून. कुळागर, दहा वाजता पुतणीला अपलोड लावायला सांगा, तेव्हाच खरं कळेल.

कुळागर

सांगितलं. चवथीचे राहिलेले सगळे व्हिडिओ तिने त्यासाठीच ठेवलेत. आईने शामेळवाल्याला जेवायला थांबायला सांगितलंय.